भिंतीपलीकडचा तालुका

महाराष्ट्राच्या औद्योगिक नकाशावर गंगापूर शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. तिथे आहे ते वाळूज. गुंतवणुकीच्या जाहिरातीत, वर्तमानपत्राच्या उद्योगपानावर, मोटारसायकलींच्या उत्पादनाच्या आकड्यांत, सगळीकडे वाळूजच. महसुली दप्तरात मात्र वाळूज हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्याच्या गंगापूर तालुक्यातले एक गाव आहे. रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, घाणेगाव हीही त्याच तालुक्याची. म्हणजे मराठवाड्यातली मोठ्यात मोठी कारखानदारी आणि लासूर स्टेशन, सिद्धनाथ वाडगाव, कायगाव या बाजूची कापूस, मका, कांद्यावर जगणारी खेडी एकाच तालुक्यात नांदतात. तहसील कचेरी गंगापुरात, कारखाने वाळूजला.

आर्थिक वाढ झाली म्हणजे विकास झाला का, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा चुकीच्या ठिकाणी विचारला जातो. जिथे वाढच झालेली नाही तिथे तो विचारून काय उपयोग? आणि पुण्यासारख्या शहरात विचारावा तर उत्तराच्या मागे दोनशे वर्षांच्या शाळा, छावणी, पेन्शनी उभ्या राहतात. कारखान्याने काय केले आणि आधीचे काय होते हे वेगळे काढता येत नाही. गंगापुरात ते बरेचसे काढता येते. इथे वाढ एका ठराविक साली आली, चाळीस वर्षे टिकली, आणि ती येण्याआधी हा तालुका कसा होता हे सांगणारी माणसे अजून पारावर बसलेली आहेत. पुढच्या पानांत जो विषय वाचकापुढे येणार आहे त्याला म्हणूनच मी हा तालुका उंबरठा म्हणून निवडला.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. संस्थान गेले, १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. पण शेती कोरडवाहू होती ती तशीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात इथली माणसे दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि सुकडीवर दिवस काढत होती. रोजगार हमी राज्यभर पसरली ती याच दुष्काळात. तिचा कायदा १९७७ चा. १९७६ साली पैठणला जायकवाडी धरण पुरे झाले, मागास भागात कारखाना काढणाऱ्याला सवलती देण्याचे धोरण तर १९६४ पासूनच होते. स्वस्त जमीन, धरणाचे पाणी, पुण्याकडे जाणारा रस्ता आणि करातली सूट. या चार गोष्टी वाळूजला एकत्र आल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या वाळूज कारखान्याचे उद्घाटन झाले. अवघ्या सोळा महिन्यांत तो उभा राहिला होता. त्याच साली अनुरंग जैन यांची एन्ड्युरन्स इथे सुरू झाली. ती आज युरोपात कारखाने असलेली कंपनी आहे. मोठ्या कारखान्यामागून सुटे भाग करणारे शेकडो लहान कारखाने आले. खडी फोडण्यापासून स्कूटर जोडण्यापर्यंत मध्ये जेमतेम तेरा वर्षे गेली.

या वाढीला नाके मुरडणारे लेखन मी पुष्कळ वाचले आहे आणि त्यातले फारसे मला पटत नाही. पहिल्या पंधरा-वीस वर्षांत जो मुलगा आयटीआय करून 'परमनंट' झाला त्याचे घर बदलले, यात वादाला जागा नाही. त्याने बजाजनगरला घर बांधले, धाकट्या भावाला शिकवले, बहिणीचे लग्न सावकाराच्या दारात न जाता केले, गावाकडच्या विहिरीवर मोटर बसवली. दर महिन्याच्या ठराविक तारखेला येणारा पगार ही या भागात नवीनच गोष्ट होती. पावसावर अवलंबून नसलेला पैसा माणसाला किती ताठ उभा करतो, हे ज्याने कोरडवाहू घरात दिवस काढलेत त्यालाच कळेल. आजही मुलगा बघायला आलेल्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न शेती किती एकर हा नसतो, मुलगा कंपनीत परमनंट आहे का हा असतो. बारा एकरवाल्याची सोयरीक अडते आणि परमनंटवाल्याची जुळते. अर्थशास्त्राच्या कुठल्या तक्त्यापेक्षा या बाजारभावावर माझा जास्त विश्वास आहे.

पण त्याच प्रश्नात दुखणेही आहे, कारण परमनंट ही जात आता विरळ झाली आहे.

सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी वाळूजच्या कुठल्याही फाटकाजवळ उभे राहा. आत जाणाऱ्यांच्या गळ्यातले गेटपास नीट पाहिले तर बऱ्याच पासांवर कंपनीचे नाव नसते, ठेकेदाराचे असते. कुठे कामाला आहेस म्हणून विचारले तर मुलगा आधी कंपनीचे नाव सांगतो, मग आवाज थोडा उतरवून म्हणतो, "ठेकेदाराकडून." पगाराच्या चिठ्ठीत बेसिक, पीएफ, ईएसआय, कॅन्टीन असे रकाने असतात, पीएफ खरोखर भरला जातो की नाही हे मोबाईलवर तपासायची त्याला सवय झालेली असते. काही महिने झाले की 'ब्रेक' मिळतो. वर्षात दोनशे चाळीस दिवस भरले की कायद्याने कामगाराचे हक्क घट्ट होतात, म्हणून ते भरू द्यायचे नाहीत; मग पुन्हा तोच मुलगा, तेच मशीन, नवा पास. मध्यंतरी 'नीम' ट्रेनी हा प्रकार होता. २०१३ साली निघालेली ही योजना शिकाऊ मुलांना कौशल्य देण्यासाठी होती. नियमाप्रमाणे ट्रेनी हा कामगार नव्हेच, म्हणून त्याला विद्यावेतन द्यायचे, पीएफ नाही. लाईनवर उत्पादन मात्र तो पुरते काढायचा. कंत्राटी कामगारांचा १९७० चा कायदा वीस कामगारांपासून लागू व्हायचा, महाराष्ट्राने ती मर्यादा पन्नासावर नेली. हे सगळे बदल उद्योग वाढावा म्हणून झाले आणि उद्योग वाढलाही. फक्त बापाच्या पिढीत कारखान्याने एका माणसामागे एक घर उभे केले होते. मुलाच्या पिढीत तोच कारखाना, अधिक उत्पादन काढून, खोलीचे भाडे आणि मोबाईलचा हप्ता भागेल एवढेच देतो.

३१ डिसेंबर २०२३ च्या पहाटे वाळूजमध्ये हातमोजे बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली आणि आत झोपलेले सहा कामगार गेले. कारखान्यातच झोपायचे, कारण बाहेर खोली परवडत नाही किंवा मिळत नाही, ही व्यवस्था त्या एका छपराखालचीच होती असे मानण्याइतके आपण भोळे नाही.

आता ही वाढ आकड्यांत कशी दिसते ते पाहू. जिल्ह्याचे दरडोई उत्पन्न मराठवाड्यातल्या बाकीच्या जिल्ह्यांच्या वर राहते आणि त्यात वाळूजचा हात मोठा आहे. या हिशेबाची रीत अशी की वस्तू जिथे तयार झाली तिथल्या खात्यावर तिचे मूल्य चढते. नफा पुण्या-मुंबईच्या, अगदी परदेशातल्या भागधारकाच्या खिशात गेला तरी जिल्ह्याच्या उत्पन्नात तो इथलाच. मग त्या एकूण रकमेला माणसांच्या संख्येने भागायचे आणि सिद्धनाथ वाडगावच्या शेतमजुराच्या नावेही त्यातला सारखा वाटा लिहायचा. राष्ट्रीय उत्पन्न मोजण्याची पद्धत ज्यांनी घडवली त्या सायमन कुझनेट्स यांनी १९३४ सालीच अमेरिकी संसदेला बजावले होते की या आकड्यावरून देशाचे कल्याण ओळखू नका. पुढे नोव्हेंबर १९६९ मध्ये डडली सीअर्स या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीतल्या एका जागतिक परिषदेत सरळ तीन गोष्टी विचारल्या: गरिबीचे काय झाले, बेकारीचे काय झाले, विषमतेचे काय झाले? यातली एक जरी बिघडली असेल तर दरडोई उत्पन्न दुप्पट झाले तरी त्याला विकास म्हणणे चमत्कारिक ठरेल, असे त्याचे म्हणणे होते. १९९० पासून निघणारा मानव विकास अहवाल, अमर्त्य सेन यांचे लेखन, हे सारे त्याच वाटेवरचे पुढचे मुक्काम.

आपल्याकडेही हे कळत नव्हते असे नाही. वि. म. दांडेकर यांच्या समितीने १९८४ साली महाराष्ट्राचा प्रादेशिक असमतोल मोजला तेव्हा उत्पन्नाच्या मागे न लागता रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज अशा सोयी मोजल्या. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून मराठवाड्याच्या तोंडी बसला तो बसलाच. पण समितीने घटक धरला जिल्हा. जिल्ह्याच्या पोटात वाळूज आणि गंगापूर वेगळे करायची सोय त्या मोजमापात नव्हती. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली. अनुशेषावरची भाषणे मात्र बिनमुदत आहेत.

माझे स्वतःचे मत विचाराल तर वाढीचा पैसा आणि विकास यांच्यामध्ये एक लांब, गुंतागुंतीची वाट असते आणि ती चालवणाऱ्या संस्था अगदी साध्या, कंटाळवाण्या असतात. ग्रामपंचायत, ठेकेदाराचे हजेरीपुस्तक, पाण्याची पाळी, एसटीची फेरी. वाढ अडते ती इथे. अर्थसंकल्पाच्या भाषणात यांतल्या एकीचेही नाव येत नाही.

रांजणगाव शेणपुंजी घ्या. जनगणनेने २०११ साली त्याला शहरात मोजले, कायद्याने ते गावच राहिले. महाराष्ट्राच्या १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार पंचायतीत जास्तीत जास्त सतरा सदस्य. विदर्भापासून बिहारपर्यंतची माणसे जिथे येऊन राहिली त्या वस्तीचा कचरा, गटार, दिवाबत्ती आणि पाणी हे सतरा जण आणि एक ग्रामसेवक पाहणार. गल्लीत शिरले की दोन्ही हातांना दहा बाय दहाच्या खोल्यांच्या रांगा लागतात. वर पत्रे, रांगेच्या टोकाला सामाईक संडास, आणि प्रत्येक दारापुढे पाण्याचा निळा ड्रम. टँकर आला की गल्ली जागी होते, मग तो पहाटे येवो की भर दुपारी. एमआयडीसीचा रुंद रस्ता आणि गावठाणाचा रस्ता जिथे मिळतात तिथे पावसाळ्यात उभे राहिले तर दोन कारभारांची हद्द चिखलावरून ओळखता येते. कारखान्यांच्या मालमत्तेवरचा कर कोणी गोळा करायचा आणि पंचायतीच्या वाट्याला किती यायचे, यावर राज्यभर वर्षानुवर्षे ओढाताण चालली. ज्या पंचायतीच्या हद्दीत कोट्यवधींचे उत्पादन होते ती दिव्याच्या खांबासाठी जिल्हा परिषदेत खेटे घालते.

याचा अर्थ स्थानिकांना काहीच मिळाले नाही असा नाही. ज्यांची जमीन मोक्याच्या जागी होती त्यांनी खोल्या बांधल्या आणि भाड्यावर बसले. ज्यांची पुढाऱ्याशी ओळख होती त्यांना भंगाराचा, मजूर पुरवण्याचा, टँकरचा ठेका मिळाला. पैसा आला, पण तो ठेक्याच्या वाटेने आला, म्हणून ज्याच्या हाती ठेका त्याच्याच अंगणात थांबला. तालुक्याच्या राजकारणाची धाटणीही त्यातूनच घडली. शाळा चांगली व्हावी म्हणून कंपनीच्या दारात मोर्चा गेल्याचे कोणाला आठवत नाही. भंगाराच्या ठेक्यावरून झालेली भांडणे सगळ्यांना पाठ आहेत.

पाण्याची गोष्ट तर याहून वाकडी. जायकवाडीच्या नाथसागराने गंगापूरच्या गोदाकाठच्या जमिनी घेतल्या. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटर, उजवा १३२. पण कालवे निघतात धरणापासून खाली, जालना, परभणी, बीडकडे. वरच्या अंगाला असलेल्या गंगापूरला मिळाला फुगवटा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकले की उघड्या पडलेल्या गाळावर लोक गाळपेरा करतात. एकेकाळच्या आपल्याच रानात, पण आता सरकारी जमिनीवर, पाणी परत यायच्या आत पीक काढून घ्यायचे. नांदूर मधमेश्वरचा जलद कालवा वैजापूर-गंगापूरसाठी म्हणून आखला. त्यात गंगापूरची गावे टेलला, आणि टेलच्या शेतकऱ्याला पाण्याची पाळी कशी मिळते हे कालव्यावर राहणाऱ्याला वेगळे सांगायला नको. त्याच नाथसागरातून पाईपलाईनने वाळूजच्या कारखान्यांना पाणी जाते. एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला रेल्वेने पाणी नेले जात होते तेव्हा, उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने इथल्या मद्य आणि बिअर कारखान्यांचे पाणी आधी निम्म्याने आणि मग साठ टक्क्यांनी तोडायचा आदेश दिला. इतर उद्योगांचीही कपात झाली. तहान, शेती, कारखाना हा क्रम न्यायालयात जाऊन ठरवावा लागला.

शेजारीच वेगळ्या वाटेचा नमुना आहे. कायगावच्या समोर टोक्याला प्रवरा गोदावरीला मिळते. त्या प्रवरेच्या खोऱ्यात, लोणीला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा केला. गाडगीळ त्याचे पहिले अध्यक्ष. अर्थशास्त्राचा प्राध्यापक कारखान्याच्या खुर्चीत बसल्याचे असे उदाहरण विरळच. तिथे उसाच्या बिलातून कपात होत गेली आणि शाळा, महाविद्यालये, दवाखाना उभे राहिले, कारण सभासद शेतकऱ्याला निदान कागदावर तरी मत होते. सहकाराचे गोडवे गायचा माझा विचार नाही. त्याच उसाने गोदावरी खोऱ्याचे पाणी पिऊन टाकले आणि मत असलेला सभासद पुढे किती ठिकाणी नुसता मतदार उरला हे आपण पाहिले आहे. गंगापूरचा स्वतःचा रघुनाथनगरचा सहकारी कारखानाही कित्येक वर्षे बंद पडून राहिला. तरी एक फरक उरतोच: लोणीच्या पैशावर लोणीला दावा सांगता येत होता. वाळूजच्या पैशावर गंगापूरला तसा दावा नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने दोन टक्के सीएसआर सक्तीचा केला, त्यातून शाळांना रंग, बाके, पाण्याची टाकी मिळते. रंग हवाच, पण कुठल्या शाळेला हे कंपनी ठरवते.

मुलींच्या शिक्षणाबद्दल पुढे सविस्तर येईल, म्हणून इथे एकच गोष्ट सांगतो. २००६ साली स्थापन झालेल्या आणि २०११ मध्ये १२५ तालुक्यांपर्यंत वाढलेल्या मानव विकास मिशनचे मुख्यालय छत्रपती संभाजीनगर शहरातच आहे. मिशनने एसटीला निळ्या बस दिल्या, त्या शाळकरी मुलींसाठी. ज्या खेड्यात आठवीपुढची शाळा नाही तिथल्या मुलीचे लग्न लांबते की नाही, हे बऱ्याचदा त्या बसवर ठरते. २०२१-२२ च्या एसटी संपात फेऱ्या थांबल्या तेव्हा जिल्ह्याच्या उत्पन्नाला काही झाले नाही. ज्या घरांत रोज येण्याजाण्याचा प्रश्न उभा राहिला त्या घरांत काय काय ठरले असेल, ते कुठल्याच आकड्यात आले नाही.

२३ जुलै २०१८ रोजी, मराठा आरक्षणाच्या आंदोलनात, कायगाव टोक्याच्या पुलावरून तालुक्यातल्याच एका तरुणाने गोदावरीत उडी घेतली आणि त्याचा मृत्यू झाला. पुढे ९ ऑगस्टच्या बंदमध्ये वाळूजच्या अनेक कारखान्यांत दगडफेक आणि तोडफोड झाली. उद्योजक हबकले आणि त्यांचे हबकणे खरे होते. या दोन घटना पुणे हमरस्त्याच्या एकाच पट्ट्यावर, अडीच आठवड्यांच्या अंतराने घडल्या. तोडफोडीचे समर्थन कोणी करू नये. पण देशातल्या नामांकित कारखान्यांच्या शेजारी वाढलेली पिढी नोकरीसाठी सरकारच्या दाराशी का जाते, याचे उत्तर त्या कारखान्यांच्या गेटपासावर लिहिलेले आहे.

नवी वाढ आता दारात आहे. समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातल्या संभाजीनगर, गंगापूर आणि वैजापूर या तीन तालुक्यांतून जातो. त्याच्या जमिनीला रेडी रेकनरच्या पाचपटीपर्यंत मोबदला मिळाला. त्यात काहींनी दुसरीकडे रान घेतले, काहींनी गाड्या. रस्त्यावर दुचाकी आणि ट्रॅक्टरला बंदी आहे. वाळूजमध्ये तयार झालेली मोटारसायकल, वाळूजच्याच तालुक्यातून जाणाऱ्या या रस्त्यावर फक्त कंटेनरमध्ये बसून जाऊ शकते.

शेजारच्या पैठण तालुक्यात बिडकीनला ऑरिक नावाचे औद्योगिक नगर उभे राहते आहे. त्याच पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉन होती. २०१८ साली ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि तिच्यावर उभा असलेला परिसर बसला. आता जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे वीस हजार कोटींच्या गुंतवणुकीचा करार केला आहे. ऑरिकचा कारभार ग्रामपंचायतीकडे नाही, त्यासाठी स्वतंत्र सरकारी कंपनी आहे; भुयारी गटारे, आखीव रस्ते, प्रक्रिया केलेले पाणी हे सगळे तिथे आधी झाले आणि कारखाने मागून आले. रांजणगावात जे चुकले ते तिथे कुंपणाच्या आत चुकणार नाही, असे दिसते. कामगार मात्र कुंपणाच्या आत राहणार नाहीत. ते बिडकीन आणि आसपासच्या गावांत खोल्या शोधतील, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी पत्र्याच्या खोल्यांच्या रांगा बांधायला घेतल्या तर त्यांना दोष देता येणार नाही. त्या खोल्यांचे पाणी, गटार आणि शाळा कोणाच्या अंदाजपत्रकात धरायची, हे ठरवायला टोयोटाची पहिली गाडी बाहेर पडेपर्यंतचा वेळ हातात आहे.